रेझिन की प्लॅस्टिक? अंतराळयानाचं किट घेण्याआधी वाचा

किट म्हणजे तुकडे जोडून, रंगवून घरी करायची यानाची छोटी प्रतिकृती. ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी उत्तर आधी देतो. तुम्हाला हवं ते यान, हव्या त्या आकारात प्लॅस्टिकमध्ये मिळत असेल तर प्लॅस्टिकच घ्या. मिळत नसेल, तर आणि तरच रेझिन. रेझिनची किंमत जास्त असते म्हणून ते वरच्या दर्जाचं असेल, असं आमच्या सोलापूरच्या दुकानात येणारे बरेच ग्राहक धरून चालतात. तो समज चुकीचा आहे आणि पहिल्याच किटमध्ये महागात पडतो.

किंमत का वाढते ते पाहा. प्लॅस्टिकचं किट म्हणजे पॉलिस्टायरीन. ते वितळवून धातूच्या साच्यात दाबानं भरतात. असा साचा बनवायला खर्च प्रचंड येतो, पण एकदा झाला की त्यातून हजारो नग निघतात. एएमटी कंपनीनं ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाचं प्लॅस्टिक किट 1966 साली काढलं, आणि ते यान आजही प्लॅस्टिकमध्ये मिळतं. रेझिनच्या किटमध्ये दोन द्रवांचं पॉलियुरेथेन मिसळून सिलिकॉनच्या मऊ साच्यात हातानं ओततात. असा साचा साधारण 25 ते 50 नगांनंतर फाटायला लागतो, मग नवा करावा लागतो. म्हणून ज्या यानाला जगभरात शे-दोनशेच गिऱ्हाईक आहे, ते रेझिनमध्येच येतं. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते या हातकामाचे आणि कमी नगांचे. तुकडे नेमके बसतील याची हमी त्यात नसते, उलट त्या बाबतीत चांगलं प्लॅस्टिक किट बहुतेक वेळा सरस ठरतं.

हाताला काय फरक जाणवतो

प्लॅस्टिक ताज्या भाकरीसारखं लवतं, रेझिन आपल्या कडक भाकरीसारखं तुटतं. अँटेना, तोफांच्या नळ्या, पंखांची टोकं असे बारीक भाग रेझिनमध्ये असतील तर ते आधीच तुटलेले येऊ शकतात किंवा घासताना तुटतात. असे भाग पितळी तारेचे नव्यानं करणं उत्तम. 0.5 आणि 1 मिमीची तार लागते.

दुसरा फरक डिंकाचा. प्लॅस्टिकचं सिमेंट पॉलिस्टायरीनला विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. रेझिनला सुपरग्लू, म्हणजे फेविक्विकसारखा, किंवा दोन नळ्यांचा अराल्डाइट. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानं धरतो, म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी तो नेहमीपेक्षा उशिरा धरतो. घाईनं जास्त ओतू नका, थर जाड झाला की सांधा कच्चा राहतो. सांडलेला सुपरग्लू सुती कापडानं किंवा सोलापुरी टॉवेलनं पुसू नका. सुतावर तो एकदम तापतो, धूर येतो, बोट भाजतं. आणि कॉकपिटच्या पारदर्शक काचेला सुपरग्लू लावलात तर वाफेनं काच पांढुरकी होते. तिथे साधं फेविकॉल पुरतं.

सोलापूरचं ऊन

हा मुद्दा परदेशी सूचनापत्रात सापडणार नाही. कास्टिंगचं, म्हणजे साच्यात ओतायचं, बरंचसं रेझिन 50 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा 42-43 वर असतो, उन्हात उभ्या बंद गाडीत तो 60 च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीतला माळाही फार मागे नसतो. अशा जागी ठेवलेल्या रेझिनच्या यानाचे लांब पंख आणि इंजिनांचे खांब महिन्याभरात खाली झुकतात. पॉलिस्टायरीन 70 अंशांपर्यंत आकार सोडत नाही. पत्र्याच्या घरात, पश्चिमेच्या भिंतीवरच्या शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर आम्ही रेझिनचा सल्ला देत नाही. रेझिनच हवं असेल तर लांब भागात आतून पितळी सळई घालून घ्या. आणि किट नेताना गाडीत ठेवून बाजारात फिरू नका.

रंगालाही ऊन नडतं. दुपारी स्प्रे मारला की रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोचायच्या आत सुकतात आणि हाताला वाळूसारखं खरखरीत लागतं. सकाळी नऊच्या आत मारा, डबा 20 ते 25 सेंमी अंतरावर धरून. पावसाळ्यात दमट दिवशी लॅकरवर पांढरी झाक येते, त्या दिवशी रंग नकोच.

रेझिन घेतलंत, तर कामाचा क्रम

खोकं उघडल्यावर पहिलं काम धुण्याचं. साच्यातून तुकडा सुटावा म्हणून तेलकट लेप लावलेला असतो, तो राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना मऊ टूथब्रश. सुकवायला टॉवेल नको, त्याचे तंतू चिकटून बसतात आणि प्रायमरखाली, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराखाली, दिसतात. ताटात उघडं ठेवा.

मग वाकलेले तुकडे सरळ करा. पाणी 60 ते 70 अंशांचं हवं, उकळतं नको. बारीक तुकडा अर्धा मिनिट, जाड असेल तर दोन मिनिटं बुडवा. बाहेर काढून सपाट फरशीवर हळूच सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात घाला. जोरानं वाकवू नका. वाकत नसेल तर तो पुरेसा तापलेला नाही.

ओतण्याच्या जागी राहिलेला जाड ठोकळा बारीक दातांच्या करवतीनं कापा, निपरनं, म्हणजे छोट्या कापायच्या पकडीनं, तोडलात तर तुकड्यासकट कपचा उडतो. रेषेपासून 1 मिमी लांबून कापून उरलेलं वॉटर पेपरवर घासा: आधी 240, मग 400, शेवटी 600. घासणं कायम ओलं. रेझिनची कोरडी भुकटी फुप्फुसाला वाईट, एन-95 मास्क लावा, आणि घरात लहान मूल असेल तर जेवणाच्या खोलीत हे काम करूच नका.

हवेच्या बुडबुड्यांची छिद्रं हमखास असतात. ती बहुतेक वेळा प्रायमर मारल्यावरच दिसतात, तेव्हा घाबरू नका. टाचणीच्या टोकाइतक्या छिद्राला सुपरग्लूचा थेंब पुरतो. मोठ्या खड्ड्यात सुपरग्लू आणि खायचा सोडा. हा भराव क्षणात घट्ट होतो, पण रेझिनपेक्षा कडक असतो, म्हणून लगेच घासून घ्या. दुसऱ्या दिवशी घासलात तर आजूबाजूचं रेझिन झिजतं आणि भराव उंचवट्यासारखा उरतो. सोड्याऐवजी टाल्कम पावडर वापरली तर घासायला सोपं जातं. मोठ्या फटींना एम-सील चालतं, फक्त बारीक रेघा पुन्हा कोराव्या लागतात.

वजन पेलणारा प्रत्येक सांधा पिनेनं जोडा. नुसत्या सुपरग्लूचा सांधा बाजूनं धक्का बसला की सुटतो. हाती ड्रिलनं 1 मिमीचं छिद्र दोन्ही बाजूंना 6 ते 8 मिमी खोल पाडायचं, मध्ये पितळी तार, बाहेरून अराल्डाइट. दोन्ही छिद्रं समोरासमोर यावीत यासाठी एका बाजूला छिद्र पाडून त्याच्या कडेला ओल्या रंगाचा ठिपका लावा आणि दुसरा तुकडा टेकवा. ठसा उमटेल तिथेच दुसरं छिद्र.

यानाला चाकं नसतात, सगळा भार स्टँडवर. रेझिनचे तुकडे भरीव असल्यानं, आणि इंजिनं मागे असल्यानं, वजन मागे झुकतं. डिंक लावण्याआधी सगळं चिकटपट्टीनं बांधा, पेन्सिलीवर तोलून पाहा, जिथे तोल साधेल तिथे खूण करा. स्टँडची पितळी नळी तिथेच.

प्रायमर दोन्ही प्रकारांना लावा, पण रेझिनला तो टाळताच येत नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला राखाडी स्प्रे रेझिनवर चालतो. प्लॅस्टिकवर मात्र त्याचा जाड थर दिला तर आतलं द्रावण पृष्ठभाग खातं. हलके तीन थर, मध्ये दहा-पंधरा मिनिटं.

प्लॅस्टिकमध्ये काय चुकतं

फार थोडं. तुकडे ज्या दांड्यांच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यातून तुकडा निपरनं एकाच घावात कापला की पांढरा डाग पडतो किंवा लचका निघतो. आधी लांबून, मग उरलेला दांडा जवळून. जुन्या साच्यातल्या किटला कडेनं पातळ पापुद्रा असतो, तो ब्लेडनं खरवडा. बंदाई या जपानी कंपनीची नवी किटं डिंकाशिवाय दाबून बसतात आणि तुकड्यांचं प्लॅस्टिकच रंगीत असतं. बारा वर्षांच्या मुलासाठी किंवा स्वतःच्या पहिल्या यानासाठी आम्ही तेच हातात देतो.

यानात दिवे लावायचे असतील तर प्लॅस्टिक, दुसरा विचार नको. ते पोकळ असतं, तारा आत फिरतात. मात्र पातळ भिंतीतून उजेड झिरपतो, म्हणून आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. मोबाइलच्या 5 व्होल्टच्या चार्जरवर पांढरा एलईडी लावताना प्रत्येकाला 100 ओहमचा रेझिस्टर जोडा, नाहीतर तो जळतो.

घरात मावेल का

मापाचं गणित सोपं आहे. 1/1000 म्हणजे यानाचा एक मीटर इथे एक मिलिमीटर. एंटरप्राइझ 289 मीटरचं मानतात: 1/1000 मध्ये 29 सेंमी, 1/350 मध्ये जवळपास 83 सेंमी. शोकेसची आतली लांबी मोजून या. 83 सेंमीचं यान बहुतेक कपाटांत बसत नाही.

थ्रीडी प्रिंटचं रेझिन वेगळं

हल्ली याही किटांवर रेझिन असंच लिहिलेलं असतं. हे द्रव अतिनील प्रकाशानं घट्ट होतं. पृष्ठभागावर बोटांच्या ठशासारख्या बारीक रेघा आणि आधाराच्या खुणा असतात. तुकडा चिकट लागला तर तो पुरता पक्का झालेला नाही, हातमोज्यांशिवाय धरू नका. पोकळ तुकड्याला निचऱ्याचं छिद्र नसेल तर आत अडकलेलं कच्चं द्रव काही महिन्यांनी भेग पाडून बाहेर येतं. असे तुकडे परत करा. पक्का झालेला तुकडाही सतत उन्हात राहिला तर पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो.

दुसऱ्याच्या किटवरून साचा काढून ओतलेल्या स्वस्त नकला आम्ही ठेवत नाही. मूळ कारागिराची मेहनत बुडते, आणि प्रत्येक नकलेत तुकडे थोडे आखडतात, रेघा बुजतात, भाग एकमेकांत बसत नाहीत.

दुकानातच तपासा

प्लॅस्टिकच्या फ्रेमवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात, त्या सगळ्या मोजा, डेकलची, म्हणजे यानावर चिकटवायच्या अक्षरा-चिन्हांची, शीट पिवळी पडलेली नाही ना ते पाहा. रेझिनमध्ये तुकड्यांना क्रमांक असतीलच असं नाही, म्हणून सूचनापत्रावरच्या चित्राशी एकेक तुकडा ताडा. मोठे भाग टेबलावर एकमेकांना लावून पाहा: 1 मिमीची फट भरता येते, 3 मिमीची असेल तर ते किट घेऊ नका. यासाठी काउंटरवर पांढरं कापड आणि टॉर्च ठेवलेला आहे. मागून घ्या.