पार्श्वभूमी : कंट्रोल व्हॉल्व्हचं पॅकिंग आणि कोल्हापूरचं ‘आवळणं’

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते आणि आठवड्याभरात इन्स्ट्रुमेंट विभागाकडे ठरलेली तक्रार येते. बॉयलरला जाणारं पाणी आपोआप कमीजास्त करणारा फीड वॉटरचा कंट्रोल व्हॉल्व्ह, ज्याचं पॅकिंग (दांड्याभोवतीच्या, गळती थांबवणाऱ्या रिंगा) उन्हाळ्यात बदललेलं असतं, गळत नाही, पण अडकत अडकत चालतो, आणि बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची लेव्हल वरखाली होत राहते. दोष पॅकिंगच्या मालावर ढकलला जातो. खरं कारण बरंच जुनं आहे, आणि त्यातलं निम्मं भाषेचं आहे.

कोल्हापुरात ‘पॅकिंग’ हा शब्द रुजला तो ऑइल इंजिनामुळे. उद्यमनगरात हेड पॅकिंग म्हणजे सिलिंडर आणि हेडच्या मधला पत्रा. पाइपांच्या सांध्यावरच्या फ्लँजमधली शीट, तीही पॅकिंगच. स्टेमभोवती, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरखाली होणाऱ्या दांड्याभोवती, ज्या रिंगा बसतात त्यांना इथे म्हणतात ‘ग्लँड’. पण त्या रिंगांवर दाब देणारी पट्टीही ग्लँड, आणि रिंगा बसतात तो खळगाही ग्लँडच. ‘पॅकिंग, १ सेट’ अशी मागणी लिहिली की स्टोअरमधून बोनेटची (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाची) गॅस्केट आली, असा प्रसंग या कामातल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेला असतो.

गॅस्केट परत करता येते. खरा घोळ जॉबकार्डावरच्या ‘ग्लँड केला’ या दोन शब्दांत आहे. त्याचे अर्थ तीन: नट आवळले, जुन्या रिंगांवर वरून एक नवी टाकली, किंवा लोखंडी आकड्याने तळापर्यंतच्या सगळ्या रिंगा उपसून, खळगा पुसून, नवा सेट भरला. पॅकिंग बदलणं म्हणजे फक्त तिसरं. पण कागदावर तिन्ही सारखंच दिसतं, आणि पुढच्या पाळीचा माणूस ‘नवीनच आहे’ असं धरून चालतो. वरून रिंग टाकण्याचं समर्थन करणारे जुने फिटर आहेत, आणि हातचाकाच्या व्हॉल्व्हवर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कंट्रोल व्हॉल्व्हवर ते चूक आहे. वरून दिलेला दाब खाली जाता जाता कमी होतो, तळाच्या वाळलेल्या रिंगा तशाच राहतात, आणि भर पडते ती फक्त घर्षणात.

१८व्या शतकातल्या वाफेच्या इंजिनात चरबीत भिजवलेली तागाची दोरी खळग्यात ठासायचे. आपल्याकडे ही कला पंप आणि हातचाकाच्या व्हॉल्व्हबरोबर आली, आणि येताना दोन सवयी घेऊन आली. पंपाचा ग्लँड थोडा ठिबकलाच पाहिजे, नाहीतर शाफ्ट तापतो. हातचाकाचा व्हॉल्व्ह मात्र “गळतंय? मग आवळ की!” या एका वाक्यावर चालतो. कंट्रोल व्हॉल्व्हला दोन्ही लागू नाही. त्याने ठिबकायचं नाही, आणि दिवसभर मिलिमीटर-मिलिमीटर हलत राहायचं, तेही हवेच्या दाबाने हलणारा डायफ्रॅम (पडदा) आणि स्प्रिंग यांच्या मोजक्या जोरावर. हाताने फिरवणारा माणूस जास्त जोर लावतो, डायफ्रॅम लावू शकत नाही. म्हणून आवळलेला स्टेम आधी चिकटतो आणि मग एकदम उडी मारतो.

अॅस्बेस्टॉसच्या दोरीने ही गोष्ट बराच काळ झाकून ठेवली. स्टेमच्या जाडीच्या रॉडवर दोरी गुंडाळायची, तिरकी कापायची, सांधे एकाखाली एक येऊ न देता बसवायची. दोरी गरमी सोसायची आणि थोडंफार आवळणंही पोटात घ्यायची. तिच्या धुळीने फुप्फुसं जातात हे पक्कं झालं होतं; भारतात १९९५च्या न्यायालयीन निकालाने अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं. पण इथल्या कारखान्यांतून दोरी हटली ती मुख्यतः वाफेमुळे, असं माझं मत आहे. सहवीजनिर्मिती, म्हणजे चिपाडाच्या वाफेवर कारखान्यातच वीज बनवणं, आली, आणि २१ किंवा ३२ किलो दाबाच्या बॉयलरांच्या जागी ६७, ८७ आणि ११० किलोचे उभे राहिले. वाफेचं तापमान ४८५ ते ५४० अंशांवर गेलं.

इथे दोन पर्याय होते. टेफ्लॉनचा शोध १९३८चा. त्याच्या स्प्रिंगवाल्या व्ही-रिंगा फार गुळगुळीत चालतात, पण साधारण २३० अंशांपर्यंतच. लवचीक ग्राफाइट १९६०च्या दशकातलं. ते वाफेची गरमी सोसतं, पण स्टेमला जास्त धरतं. शहाणपण असं की जिथे जे बसेल तिथे ते वापरावं. पण अनेक ठिकाणी ठरलं, सगळीकडे ग्राफाइट. कारण सांगितलं गेलं स्टोअरचं: एकच माल, एकच कोड, चुकीची रिंग गरम वाफेवर जायची भीती नाही. कारण खोटं नाही. पण फीड वॉटरचं पाणी बहुतेक ठिकाणी टेफ्लॉनच्या मर्यादेत असतं, आणि ड्रमची लेव्हल त्याच व्हॉल्व्हवर अवलंबून असते. जिथे टेफ्लॉन राहिलं तिथेही सवय आडवी आली. स्प्रिंगवाल्या सेटमध्ये दाब स्प्रिंग देते, दाबपट्टी बोनेटला टेकली की काम संपलं. तरी पान्याला लांब पाइप लावून आवळणारे आहेत. मग स्टड तुटतो.

ग्राफाइटची आणखी एक खोड इथल्या पावसाने उघडी पाडली. हंगाम संपला की व्हॉल्व्ह पाच-सहा महिने नुसता उभा. ओलं ग्राफाइट आणि स्टेनलेसचा स्टेम एकमेकांना लागून राहिले की विजेचा सेल तयार होतो आणि धातू खाल्ला जातो. सप्टेंबरमध्ये स्टेम बाहेर काढला तर वरखाली आरशासारखा, आणि रिंगांच्या जागी नेमके मोहरीएवढे काळे खड्डे. अशा स्टेमवर नवा सेट भरला तर पहिल्या काहीशे हेलकाव्यांतच तो खरवडून निघतो.

म्हणून काही ठिकाणी हंगाम संपताच रिंगा काढून टाकतात, स्टेमला तेल लावून ठेवतात, आणि नवा सेट पावसाळ्यानंतर भरतात. पण मग सगळे व्हॉल्व्ह अग्निप्रदीपनाच्या आधीच्या त्याच पंधरवड्यात येतात. फिटर तेवढेच. शेवटच्या दोन-तीन व्हॉल्व्हच्या कार्डावर ‘ग्लँड केला’ असं लिहिलेलं असतं.