३०.०६ फलक

अमेरिकेतील टेक्सास राज्यात परवानाधारकाने पिस्तूल लपवून आपल्या जागेत आणू नये, यासाठी खाजगी जागेच्या मालकाने दाराशी लावायची कायदेशीर सूचना. टेक्सास दंडसंहितेच्या कलम ३०.०६ वरून हे नाव पडले. दुकाने, रुग्णालये, चित्रपटगृहे यांच्या दारांवर तो दिसतो.

लपवून पिस्तूल बाळगण्याचे परवाने देणारा कायदा १९९५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून परवाने अमलात आले. मालकाने मज्जाव कसा करायचा, याची वेगळी रीत त्यात नव्हती. फौजदारी अतिक्रमणाचे नेहमीचे कलम ३०.०५ तेवढे हाताशी होते. कोणी पिस्तुलावर तांबडी तिरपी रेघ मारलेले चित्र चिकटवी, कोणी हाताने चार शब्द लिही, आणि याला ‘सूचना मिळाली’ म्हणायचे का, हा प्रश्न राही. १ सप्टेंबर १९९७ पासून लागू झालेल्या कलम ३०.०६ ने तो सोडवला.

क्रमांकाबद्दल एक आख्यायिका आहे. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये स्वीकारलेल्या आणि पुढे शिकाऱ्यांच्या आवडीच्या झालेल्या रायफलच्या काडतुसाचे नाव. त्यातील तीस हा इंचाच्या शतांशांतील व्यास आणि सहा हे वर्ष. कायदा करणाऱ्यांनी गमतीने हाच आकडा निवडला, असे सांगितले जाते. मात्र दंडसंहितेचे तिसावे प्रकरणच घरफोडी व अतिक्रमणाचे आहे. त्यात ३०.०२ घरफोडी, ३०.०४ वाहनफोडी, ३०.०५ अतिक्रमण असा क्रम आहे आणि त्यापुढचा मोकळा आकडा ३०.०६ होता. उघडपणे पिस्तूल बाळगण्यासंबंधीचे नंतरचे कलमही ३०.०७ झाले. तेव्हा योगायोग मानणेच सयुक्तिक दिसते. कोणाला तो पाहून हसू आले असेल, हे मात्र नाकारता येत नाही.

फलकाचा मजकूर कायद्यानेच ठरवून दिला आहे. तो इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांत, पार्श्वभूमीहून उठून दिसणाऱ्या रंगात आणि किमान एक इंच (सु. २.५ सेंमी.) उंचीच्या ठळक सुट्या (‘ब्लॉक’) अक्षरांत हवा आणि लोकांना स्पष्ट दिसेल अशा जागी लावलेला हवा. कलमाचा क्रमांक, गुन्ह्याचे नाव आणि परवान्याच्या कायद्याचे प्रकरण हे सारे दोनदा, इंची अक्षरांत लिहायचे. त्यामुळे काचेच्या दाराचा बराच भाग एका फलकानेच जातो. ‘सुटी अक्षरे’ म्हणजे केवळ इंग्रजी मोठ्या (कॅपिटल) लिपीतली काय, यावर मतभेद आहेत. मोठी लिपी वापरणे सुरक्षित समजले जाते. २०१५ च्या दुरुस्तीने मजकुरातील कायद्याचे नाव बदलले, तेव्हा जुन्या फलकांच्या वैधतेविषयीही वाद निघाला. इतका काटेकोरपणा मालकाला निर्विवाद साधन मिळावे म्हणून, असे एक मत. फलक लावणेच जिकिरीचे व्हावे म्हणून, असे दुसरे. दुसरे टोकाचे वाटले तरी फलकाचा आकार पाहता ते अगदीच टाकून देता येत नाही.

१ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघडपणे कमरेला लावण्याची मुभा मिळाली व ३०.०७ चा जोडफलक आला. १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याची अटच बहुतांशी गेली. विनापरवाना बाळगणाऱ्यासाठी ३०.०५ चा तिसरा फलक सांगितला गेला. सर्वांना अडवायचे तर तिन्ही लावावे लागतात. मद्यालयांचा ‘५१ टक्के’ हा तांबडा फलक वेगळा. निम्म्याहून अधिक उत्पन्न जागेवर प्यायल्या जाणाऱ्या मद्यातून असेल तेथे तो लागतो.

अंमलबजावणी स्थानिक पोलीस किंवा शेरीफ यांच्याकडे असते, परंतु नियम राज्याचा. शहरांना स्वतःचे शस्त्रनियम करण्यास राज्याने मोठ्या प्रमाणावर मनाई केली आहे. फलक डावलून पिस्तुलासह आत जाण्याचा मूळचा जबर (‘ए’ वर्गाचा) गुन्हा २०१६ पासून ‘सी’ या सर्वांत हलक्या वर्गात आणला गेला व दंडाची कमाल मर्यादा २०० डॉलर झाली. मात्र तोंडी सांगूनही न हलल्यास तो ‘ए’ वर्गाचा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. २०१९ पासून, तोंडी सांगताच लगेच निघून जाणे हाच परवानाधारकाचा कायदेशीर बचाव ठरतो. म्हणजे व्यवहारात फलकापेक्षा दुकानदाराचे तोंडी सांगणेच निर्णायक ठरते. सदऱ्याखालचे पिस्तूल दिसले तरच हा प्रसंग येतो, कारण दारात सहसा तपासणी नसते.

सरकारी जागेत उलट वचक आहे. जेथे कायद्याने मनाई नाही तेथे असा फलक लावणाऱ्या शासनसंस्थेस २०१५ पासून पहिल्या उल्लंघनासाठी दररोज १,००० ते १,५०० डॉलर दंड होऊ शकतो. तक्रार महाधिवक्त्याकडे जाते. राजधानी ऑस्टिनच्या नगरभवनाच्या काचेवर पिस्तुलाचे बंदीचित्र कोरलेले होते व तोंडी मज्जाव केला जाई. त्या प्रकरणी २०१९ मध्ये न्यायालयाने शहराला ९,००० डॉलर दंड केला.

अन्य राज्यांत पद्धती भिन्न आहेत. इलिनॉयने चार इंच बाय सहा इंचांचे चित्र ठरवले आहे. मिनेसोटाच्या कायद्यात तर एरिअल हा टंकही नमूद आहे, अक्षरे दीड इंची. सांगूनही न गेल्यास पहिल्या वेळी दंड २५ डॉलरपर्यंत. बऱ्याच राज्यांत फलकाला स्वतंत्र दंडबळ नाही. घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील ब्रुएन निकालानंतर हवाईने २०२३ मध्ये गृहीतक उलटवले: मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय लोकांना खुल्या असलेल्या खाजगी जागेत पिस्तूल नेऊ नये, आणि दाराशी फलक लावायचाच तर तो परवानगीचा. या तरतुदीला संघीय न्यायालयांत आव्हान दिले गेले.