ओल्या फडक्याचा तापमापक आणि पंचाची शिट्टी

मे महिन्यात रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सकाळी अकरा वाजता चौदा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल सामना रंगात आलेला असतो, तेव्हा सावलीतला पारा जेमतेम ३३ अंश सेल्सिअस दाखवत असतो. विदर्भात त्याच वेळी ४२ अंश असल्यामुळे आयोजक ‘त्या मानाने आपल्याकडे बरे’ असे म्हणतात आणि खेळ चालू राहतो. हे समाधान धोक्याचे आहे, आणि ते का, हे पंचाला नेमके ठाऊक असायला हवे, कारण खेळ थांबवणारी शिट्टी त्याच्याच गळ्यात असते.

धावताना स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता बनते. एक ग्रॅम घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला, तर तो सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता सोबत नेतो. तोच घाम निथळून मातीत पडला, तर शरीराला त्याचा काहीच उपयोग होत नाही. किनाऱ्यावरची हवा बाष्पाने आधीच जड झालेली असल्यामुळे मुलगा घामाने चिंब होतो, पण थंड होत नाही.

म्हणूनच नुसत्या पाऱ्यावर विसंबता येत नाही. १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण छावण्यांत जवान उष्म्याने कोसळू लागले, तेव्हा ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ हा निर्देशांक तयार झाला. त्यात ओल्या तापमापकाला, म्हणजे फुग्याभोवती ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाला, ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के आणि साध्या तापमानाला केवळ १० टक्के वजन असते. सड्यावर हवा ३३ अंश, ओला तापमापक २८ आणि काळा गोळा ४६ अंशांवर असेल, तर निर्देशांक ३२ च्या थोडा वर जातो. विदर्भातील कोरड्या ४२ अंशांत ओला तापमापक २२ आणि गोळा ५५ अंशांवर धरला, तर तो ३१ पर्यंतही पोहोचत नाही. फिफाने थंडाव्याच्या विश्रांतीसाठी ३२ हीच मर्यादा मानली असून, २९ जून २०१४ रोजी ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे नेदरलँड्स आणि मेक्सिको यांचा विश्वचषक सामना अशा विश्रांतीसाठी थांबवण्यात आला होता. ही मर्यादा मात्र कसलेल्या प्रौढ खेळाडूंसाठी आहे. शाळकरी मुलांच्या सामन्यात निर्देशांक २८ झाल्यापासूनच विश्रांती द्यावी, असे मला ठामपणे वाटते.

महागडे उपकरण नसले, तरी साध्या तापमापकाच्या फुग्याभोवती मलमलीची ओली चिंधी गुंडाळून तो सावलीत, वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत पाच मिनिटे धरावा. आकडा उतरत उतरत स्थिर होईल, तो ओला तापमापक. तो २८ च्या आसपास थांबला आणि ऊन कडक असेल, तर दुपारचा सामना संध्याकाळवर न्यावा. सामन्याची वेळ ठरवताना वाऱ्याकडेही लक्ष असावे. पूर्वेकडचा मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, जोर धरून राहिला, तर समुद्रावरून येणारा खारा वारा उशिरा पोहोचतो आणि तोपर्यंत पारा भराभर चढतो.

लहान मुलांचे शरीर उष्णतेला मोठ्यांपेक्षा कमकुवत असते, असे पूर्वी मानत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये ही भूमिका बदलली. पुरेसे पाणी मिळत असेल, तर मुलांचे शरीरही उष्णता चांगली हाताळते. घात होतो तो अतिश्रम, अपुरी विश्रांती आणि चुकीचा पोशाख यांमुळे. ही सर्व कारणे माणसाच्या हातातली आहेत. परीक्षा संपवून थेट मैदानात उतरलेल्या मुलांना तर उन्हात खेळण्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि गावची स्पर्धा दोन दिवसांत संपते.

खेळाच्या नियमांत पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत आणि थंडाव्यासाठी दीड ते तीन मिनिटे विश्रांतीची सोय आहे, पण स्पर्धेच्या नियमावलीत तसे नमूद असावे लागते. म्हणून पंचाने हा विषय नाणेफेकीच्या वेळी नव्हे, तर आयोजकांच्या पहिल्या बैठकीतच काढावा.

पंचाच्या स्वतःच्या शरीराचा विचार फार थोडे लोक करतात. संघ बदलतात, मुले बदली खेळाडू म्हणून बाहेर बसतात. पंच मात्र एकामागून एक तीन सामने धावत असतो. तिसऱ्या सामन्यात एका पंचाने हात एका बाजूला दाखवून थ्रो-इन दुसऱ्याच संघाला दिल्याचे मी पाहिले आहे. प्रेक्षक ओरडले, पण तो चिडला नाही. काय चुकले हेच त्याला क्षणभर उमगत नव्हते. तापलेला मेंदू प्रथम निर्णयशक्तीच गमावतो. सलग दोन सामन्यांनंतर पंच बदलणे म्हणूनच मुलांच्याही हिताचे आहे.

हीच खूण खेळाडूंमध्ये ओळखायची असते. शिट्टीनंतरही धावत राहणारा, झोकांड्या खाणारा, नाव विचारल्यावर भलतेच उत्तर देणारा मुलगा दमलेला आहे असे समजू नये. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांपलीकडे गेले आणि भान हरपू लागले, की तो उष्माघात असतो, मग अंगावर घाम असो वा नसो. अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. आधी थंड करावे आणि मग हलवावे. भान हरपलेल्याला पाणी पाजू नये. त्याला डोके वर धरून गार पाण्याच्या पिंपात मानेपर्यंत बसवणे सर्वांत परिणामकारक असते. ते शक्य नसेल, तर अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा आणि मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा. आपल्या किनाऱ्यावर मासळीसाठी बर्फ कुठेही मिळतो. सामन्याच्या सकाळी बंदरावरून थर्माकोलची एक पेटी भरून आणावी आणि पाण्याने भरलेले पिंप सावलीत, मैदानाच्या कडेलाच ठेवावे.