मुळं पिवळी दिसतात: ब्लीच कमी पडलं की टोनर?

"मुळांना ब्लीच केलं, पण खालच्या केसांशी रंग जुळत नाही. आता कुठला टोनर लावू?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते: मुळं गडद आहेत की नुसती पिवळी? बहुतेकींना हे दोन्ही एकच वाटतं. ते एक नाही, आणि डोक्यावर पट्टे उमटतात ते याच गोंधळामुळे.

ब्लीच तुम्हाला माहीतच आहे. पावडर आणि डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं द्रावण, कालवून लावलं की केसातलं मेलॅनिन तुटतं आणि काळा केस लालसर, नारिंगी, पिवळा, फिकट पिवळा असा उजळत जातो. टचअपला, म्हणजे नव्यानं वाढलेली मुळं उजळायला, २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, पुरतो. टाळूच्या उबेनं तिथलं काम तसंही लवकर होतं. थेट टाळूशी ४० व्हॉल्यूम लावायला माझा ठाम विरोध आहे.

टोनर म्हणजे उजळलेल्या केसांची नको ती झाक मारणारा हलका रंग. तो केस उजळवत नाही. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात ती आठवा. मळ साबणानं जातो, नीळ फक्त उरलेली पिवळट झाक झाकते. मळका सदरा तसाच निळीत बुडवला तर तो मळकाच राहतो, वर निळसर होतो. ब्लीच म्हणजे साबण, टोनर म्हणजे नीळ आणि जांभळा शाम्पू म्हणजे पातळ नीळ.

पार्लरच्या भाषेत केस किती उजळ ती लेव्हल: १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट. झाक कोणती तो टोन. समजा, तुमची लांबी, म्हणजे मुळांखालचे आधीच उजळलेले केस, लेव्हल १० वर आहे, सोललेल्या केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी, आणि मुळं ८ वर अडकलीत. जांभळा टोनर त्यांचा पिवळेपणा मारेल, पण मुळं ८ वरच राहतील. पिवळा पट्टा जाऊन मातकट पट्टा येईल, एवढंच. मुळं ७ वर, नारिंगी असतील तर जांभळा टोनर चुकीचाच, कारण नारिंगीवर उतारा निळा. आणि तो लावूनही मुळं गडदच.

माझ्याबाबतीत कोथरूडमधल्या एका पार्लरात हेच झालं. मुळं जुळेनात म्हणून सगळ्या डोक्याला तीनदा टोनर लावला. मुळं होती तशीच राहिली आणि लांबी राखाडी झाली. आधी ब्लीच झालेला केस सच्छिद्र असतो, तो टोनर भराभर पितो. "अजून थोडा टोनर लावू" हे वाक्य मला तेव्हापासून ऐकवत नाही.

ओळखायचं कसं? केस पूर्ण वाळवा, कारण ओला केस गडद दिसतो. दिवसा गॅलरीत उभं राहून, थेट ऊन टाळून, भांग दिसेल असा फोटो काढा आणि मोबाइलमध्येच तो कृष्णधवल करा. रंग गेला की फक्त उजळपणा उरतो. मुळं लांबीपेक्षा काळपट दिसली तर लेव्हल कमी आहे. दोन्ही सारखीच दिसली, तर फरक फक्त टोनचा आहे आणि ब्लीचला हातही लावू नका.

लेव्हल कमी असेल आणि टाळू चुरचुरत नसेल, तर ब्लीच फक्त गडद भागाला, बारीक ब्रशनं. टाळू दुखावली असेल तर काही दिवस थांबा. जुन्या उजळ केसांना सीमेपासून खाली कंडिशनर फासून ठेवा. त्यांवर पुन्हा ब्लीच गेलं तर केस त्याच रेषेवर तुटतात. टोनचा फरक असेल तर टोनर आधी मुळांना, आणि लांबीला लागलाच तर शेवटची दोन-तीन मिनिटं. सगळ्या डोक्याला एकदम टोनर ओतणं ही सवय मला मुळीच मान्य नाही.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून टचअप पाच-सहा आठवड्यांपलीकडे नेऊ नका. जास्त वाढ झाली की टाळूलगतचा भाग उबेनं लवकर उजळतो आणि त्याखाली नारिंगी कडं राहतं. तसं झालंच असेल, तर आधी टाळूपासून लांबचा भाग लावा, टाळूलगतचा शेवटी.

उलट प्रकारही असतो: मुळं नीट, लांबीच पिवळट. पुण्यात वाघोली, उंड्रीकडे बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या मैत्रिणींनी आधी पाण्याचाच संशय घ्यावा. जड पाण्यातले क्षार आणि लोह उजळ केसावर बसतात. तिथे ब्लीचही नको आणि टोनरही नको. क्षार काढणारा, चिलेटिंग म्हणून मिळणारा शाम्पू एकदा लावा, केस वाळवा आणि मगच तो फोटो काढा.