पोटातला दाब, मूत्रपिंड आणि लघवीची गोळी

हृदयाचं पंपिंग कमी झालं की पाय सुजतात, धाप लागते, हे आता घरोघरी माहीत आहे. पोट फुगलं, चार घासांतच भरल्यासारखं वाटलं, तर मात्र 'गॅस झालाय' म्हणून विषय मिटतो. खरं तर तेव्हाच पोटाकडे नीट बघायला हवं.

हृदय कमी पडलं की रक्त मागे शिरांमध्ये साचतं. यकृत, आतडी सुजतात, कधी पोटात पाणीही होतं. पोट ठरावीक मर्यादेपर्यंतच ताणतं, मग आतला दाब चढतो. निरोगी माणसात तो साधारण ५ ते ७ मिलिमीटर पारा असतो. मूत्रपिंड रक्त गाळतं ते दाबातल्या फरकावर. शिरेत रक्त तुंबलेलं आणि वरून पोटाचा दाब, मग गाळणार कसं? लघवी घटते आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, क्रिएटिनिन, रक्तात चढतो.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००८ साली हार्ट फेल्युअर (हृदय कमी पडण्याचा हाच आजार) बळावलेल्या ४० रुग्णांचा हा दाब मोजला. लघवीच्या नळीतून मूत्राशयात थोडं सलाइन सोडायचं, रुग्णाला उताणं झोपवायचं आणि श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. २४ जणांत तो ८ किंवा त्याहून जास्त निघाला, आणि पोटाची तक्रार एकाचीही नव्हती! उपचारांनी दाब उतरला त्यांचं मूत्रपिंडाचं कामही सुधारलं. अभ्यास छोटा होता, पण त्यातून मिळालेली दिशा मला फार मोलाची वाटते. कारण क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की लघवीचं औषध, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं औषध, कमी करण्याकडे कल असतो. अंगात पाणी खरोखरच कमी झालं असेल तर ते बरोबर. पण सूज तशीच असेल, तर अनेकदा औषध वाढवावं लागतं.

सुजलेल्या आतड्यांतून फ्युरोसेमाइड या लघवीच्या औषधाची गोळी सावकाश शोषली जाते, त्यामुळे तिचा जोर पडत नाही. म्हणून तेच औषध शिरेतून देतात आणि दोनेक तासांनी लघवीतलं सोडियम तपासून डोस पुरतोय का ते ठरवतात. पोटात बरंच पाणी असेल तर सुईने काढल्यावरही मूत्रपिंडाला मोकळीक मिळू शकते.

गोळीचा डोस घरी आपल्या मनाने बदलू नका. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं, कमरेला कपडे घट्ट होऊ लागले किंवा चप्पल घालायला वाकताना दम लागला, तर लगेच डॉक्टरांना कळवा.