खारदुंगला: सायकल टूरचा शेवटचा चढ आणि पाटीवरचे फूट

मनालीहून निघालेल्या बहुतेक सायकल ग्रुपच्या वेळापत्रकात लेहला पोहोचल्यानंतरचा एक दिवस लडाखमधल्या खारदुंगला खिंडीसाठी राखलेला असतो. वास्तविक मनाली-लेह रस्ता लेहलाच संपतो. खारदुंगला त्याच्या पलीकडे, नुब्रा खोऱ्याच्या वाटेवर. तरीही हा चढ टूरचा कळस मानला जातो, आणि त्याचं श्रेय बऱ्याच अंशी खिंडीतल्या पाटीला जातं: वाहतुकीचा जगातला सर्वांत उंच रस्ता, १८,३८० फूट.

ही वाट जुनी आहे. लेहहून मध्य आशियातल्या यारकंद-काश्गरकडे जाणारे व्यापारी तांडे घोडे आणि उंट घेऊन इथूनच जायचे. गाडीरस्ता १९७६ सालचा. १९८४ मध्ये सियाचीनचा संघर्ष सुरू झाला आणि तिकडच्या रसदीसाठी हा रस्ता वर्षभर चालू ठेवणं भाग पडलं. सर्वसामान्य वाहनांना तो १९८८ मध्ये खुला झाला, पाठोपाठ १९८९ मध्ये मनाली-लेहही. आजची टूर या दोन निर्णयांमुळे शक्य झाली. दोन्ही घेतले गेले तेव्हा सायकलस्वार कुणाच्या डोक्यातही नसणार.

खरी गुंतागुंत उंचीची आहे. १८,३८० फूट म्हणजे ५,६०२ मीटर. हा आकडा पाटीवरून टी-शर्टवर, कपांवर आणि टूरच्या जाहिरातींत गेला. पुढे जीपीएस यंत्रं स्वस्त झाली, लोकांनी ती खिंडीत नेली, आणि उंची भरली ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. फरक जवळपास ८०० फुटांचा. उपग्रहांच्या मदतीने केलेले नकाशेही हेच सांगतात. एवढी तफावत यंत्राच्या चुकीत बसत नाही. नंतर खिंडीत १७,९८२ फुटांच्या पाट्या दिसू लागल्या. म्हणजे जुना आकडा सोडला, पण खऱ्या आकड्यापर्यंत काही उतरले नाहीत.

मजेचा भाग वाटेतल्या तांगलांगला खिंडीत आहे. मनालीहून येणारा ग्रुप लेहच्या आधी ही खिंड ओलांडतो. तिथल्या प्रसिद्ध पाटीवर उंची लिहिलेली होती १७,५८२ फूट, आणि वर ‘जगातली दुसऱ्या क्रमांकाची खिंड’ हा दावा. खारदुंगलाची जी मोजलेली उंची, तोच आकडा तांगलांगलाच्या पाटीवर! तांगलांगला प्रत्यक्षात ५,३२८ मीटर आहे. पाट्यांवर विश्वास ठेवला तर शेवटच्या चढाला आणखी ८०० फूट वर जायचंय असं वाटतं. खरा फरक ३१ मीटरचा, शंभरेक फुटांचा. म्हणजे तांगलांगला नीट पार केलेल्या माणसाने खारदुंगलाची जवळपास सगळी उंची आधीच अनुभवलेली असते. ग्रुपला हे निघण्याआधीच सांगायला हवं. विक्रमाची धास्ती घेऊन पहाटे निघणारे सुरुवातीलाच जोर लावतात आणि वाटेतल्या साउथ पुल्लू चौकीच्या पुढे त्याची किंमत मोजतात.

चढ म्हणून तो फार उभा नाहीच. लेहपासून सुमारे ३९ किलोमीटरमध्ये साधारण १,८५० मीटर. सरासरी पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. त्रास हवेचा. माथ्यावर समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो. साउथ पुल्लूची चौकी २४ किलोमीटरवर येते. तिथपर्यंत डांबर होतं, पुढे माथ्यापलीकडे नॉर्थ पुल्लूपर्यंत बरीच वर्षं खडी, चिखल आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी. त्यात लष्करी ट्रकांचा ताफा आला की सायकल कडेला घेऊन थांबायचं. अलीकडे डांबर वर सरकत गेलं, त्यामुळे जुन्या मंडळींच्या आठवणी आणि नव्यांचे फोटो जुळत नाहीत.

याच काळात टूरचे प्रकारही फुटले. विमानाने थेट लेहला (३,५०० मीटर) उतरणारे आले. त्यांना शरीर सरावेपर्यंत निदान दोन दिवस स्वस्थ बसावं लागतं, तर मनालीवाले खिंडी चढत-उतरत सरावून आलेले असतात. शिवाय सायकली गाडीवर लादून माथ्यावर न्यायच्या आणि नुसतं उतरत यायचं, हा धंदा लेहमध्ये जोरात आहे. त्यात वाईट काही नाही, पण खाली आल्यावर ‘खारदुंगला केला’ असं सांगणं जरा जास्तच होतं.

मधल्या काळात किताबही गेला. लडाखमध्येच हानलेकडच्या भागात उमलिंगला खिंडीचा रस्ता झाला आणि २०२१ मध्ये १९,०२४ फुटांवरचा हा रस्ता जगातला सर्वांत उंच म्हणून नोंदला गेला. पाटीच्या जोरावर चालणाऱ्या टूर तिकडे वळतील अशी अपेक्षा होती. काही वळल्याही. बहुतेकांनी मात्र शेवटचा दिवस खारदुंगलालाच ठेवला, कारण सामान लेहच्या खोलीत ठेवून निघता येतं, संध्याकाळी त्याच खोलीत परतता येतं, आणि कुणाचं डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या तर सपोर्ट गाडीतून तासा-दोन तासांत लेहच्या दवाखान्यात पोहोचवता येतं. उमलिंगलाच्या आसपास यातलं काहीच नाही.