भुशाची माती आधी मुरू द्या, मग भिंतीला लावा

‘परवाच गिलावा केला आणि आज भेगा!’ असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. आम्ही विचारतो, माती किती दिवस मुरवली? उत्तर ठरलेलं: सकाळी भिजवली, दुपारी लावली. मिस्त्रीची रोजी चालू असताना थांबणं परवडत नाही, हे कळतं. म्हणून मिस्त्रीला बोलवायच्या आठ दिवस आधी आमच्या गिलाव्याच्या मातीची पोती फोडा.

पोत्यात पिवळी माती, वाळू आणि इंदूरजवळच्या सांवेरकडचा गव्हाचा भुसा असतो. पाणी घातलं की तासाभरात चिखल तयार दिसतो. त्यातलं बोराएवढं ढेकूळ फोडून पाहा, आत कोरडं ठणठणीत. भुसाही तहानलेलाच. असा माल थापला की पाण्याची ओढाताण भिंतीवरच सुरू होते. माती वाळताना आकसणारच. तेव्हा तिला धरून ठेवणं हे भुशातल्या काडीचं काम. पण कोरड्या काडीला माती नीट चिकटलेलीच नसते.

हौदात मालावर दोन बोटं पाणी ठेवा, रोज एकदा पायांनी तुडवा. चार-पाच दिवसांनी गोठ्यासारखा वास सुटेल. ‘माल सडका पाठवला’ म्हणून एका काकूंनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं होतं. वास हवाच, भुसा कुजू लागला की चिकटपणा येतो. भिंत वाळली की वास जातो. काडी वाकवून पाहा: मऊ पडली असेल तर लावा, कडकन मोडली तर आणखी दोन दिवस थांबा.

भिजवलेलाच माल का विकत नाही? पाण्याचं वजन आणि त्याचं भाडं तुमच्याच माथी बसेल. तरी 20 पोत्यांच्या वरचं काम इंदूरमध्येच असेल, तर आमच्या हौदात मुरवून ट्रॉलीने पाठवतो. फक्त आठ दिवस आधी सांगा.

शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून या मालात मिसळू नका. माळव्याची ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की फाटते; उन्हाळ्यात शेतं पाहिलीच असतील. वरून प्लास्टिक पेंटही नको, आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याची सफेदी करा.

आमच्या शेडमध्ये एक भिंत मुद्दाम ठेवली आहे: अर्धी त्याच दिवशी भिजवून लावलेली, अर्धी मुरवलेल्या मातीची. माल नंतर घ्या, आधी ती पाहून जा.